वेल्लोर : साजरा, गोजरा आणि मधलं मैदान

गुरुवार, चेन्नई

वेल्लोरला निघालो होतो ते साजरा-गोजरा बघायला. दक्षिण दिग्विजयात महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली, मग वेल्लोरच्या कोटाला वेढा पडला आणि शेजारच्या टेकड्यांवर मराठ्यांनी दोन गढ्या वसवून त्यांना ही लाडाची नावं दिली, एवढं शाळेपासून डोक्यात होतं. बरोबर मामा होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तरी कुठल्याही किल्ल्यावर गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "पाणी कुठलं, दारूकोठार कुठे आणि माणसं झोपायची कुठे?" दरवाजावरचं शिल्प वगैरे नंतर.

चेन्नईत सकाळी उतरल्यावर थेट फोर्ट सेंट जॉर्ज गाठला. तमिळनाडूची विधानसभा आणि सचिवालय याच कोटात असल्यामुळे तपासणी कडक. ईस्ट इंडिया कंपनीने १६४० च्या सुमारास इथे तळ टाकला आणि मद्रास त्याच्याभोवती वाढलं. आत एकेकाळी कवायतीचं मोठं मैदान होतं. आज तिथे सरकारी गाड्यांची दाटी असते. त्या गाड्यांच्या गर्दीत एक दगडी घुमटी उभी आहे आणि ती रिकामी आहे.

घुमटीतला माणूस कोटातल्याच संग्रहालयात, जिन्यापाशी सापडतो : कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस. टॉमस बँक्स या शिल्पकाराने घडवलेला हा संगमरवरी पुतळा जहाजाने आला आणि १८०० साली परेड ग्राउंडवर बसवला गेला. पुतळ्यापेक्षा त्याची बैठक बघण्यासारखी आहे. तिच्यावर कोरलंय, टिपू सुलतानाचा वकील टिपूची दोन लहान मुलं कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन करतोय. १७९२ चा श्रीरंगपट्टणचा तह. निम्मं राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि रक्कम फिटेपर्यंत दोन मुलगे ओलीस. (त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूने उभे होते. आपल्याकडे हे जरा हळू आवाजात सांगतात.)

रोज सकाळी ज्या मैदानावर काळ्या शिपायांची हजेरी व्हायची, तिथे हे शिल्प उभं करण्यामागचा हिशेब सरळ होता. उजवीकडे बघ म्हटलं की शिपायाला काय दिसावं, हे ठरवून केलेलं काम. पण याच कोटात १८०६ च्या मे महिन्यात वेल्लोरहून काही शिपाई बंदोबस्तात आणले गेले. नवीन पगडी घालणार नाही म्हणाले, हा गुन्हा. त्यातल्या दोघांना, एक हिंदू आणि एक मुसलमान, फटके मारून सैन्यातून काढलं. एकोणीस जणांनी माफी मागून शिक्षा टाळली. संग्रहालयातून बाहेर पडताना मामा म्हणाले, "पगडीसाठी? नुसत्या पगडीसाठी?" आणि तिथून आमच्या सहलीचा रोख साजरा-गोजऱ्यावरून हलला.

शुक्रवार, आर्काटमार्गे वेल्लोर

सकाळच्या बसने आर्काट. पालार नदीच्या काठावर आर्काटच्या जुन्या कोटाचा दिल्ली दरवाजा तेवढा शिल्लक आहे, बाकी तट गेले. १७५१ मध्ये कंपनीचा रॉबर्ट क्लाइव्ह इथे पन्नासेक दिवस वेढ्यात अडकला होता आणि त्याच्या मदतीला येणारी फौज होती गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची. दरवाजा बघायला दहा मिनिटं पुरतात. नदीत पाणी नव्हतंच.

आर्काटला थांबण्याचं खरं कारण तिथून वेल्लोरपर्यंतचा रस्ता. अंतर २६ किलोमीटर. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या कोटात शिपायांनी बंड केलं, ते मोडायला आर्काटच्या छावणीतून कर्नल रोलो गिलेस्पी १९ व्या लाइट ड्रॅगून्सचे घोडेस्वार घेऊन याच बाजूने सुटला आणि साधारण दोन तासांत वेल्लोरला पोचला. तोफा मागून आल्या. आमची बस थांबत थांबत गेली, तरी रस्ता सपाट आहे हे कळलं. मामांनी खिडकीतून बघून निकाल दिला, "घोडा उडवायला उत्तम. छावणी इथे ठेवणाऱ्याला अक्कल होती."

वेल्लोरमध्ये खोली मिळवणं हा वेगळा विषय. इथल्या प्रसिद्ध रुग्णालयामुळे देशभरातले लोक येतात आणि त्यातही बंगाली इतके की लॉजवर, खानावळींवर बंगाली पाट्या. हातात फायली घेतलेल्या लोकांच्या रांगेत आम्ही दोघेच किल्ला बघायला आलेलो. लॉजवाल्याने दोनदा विचारलं, पेशंट कोण?

शनिवार, किल्ला

सकाळी सातला खंदकापाशी. वेल्लोरचा कोट भुईकोट आहे, काळ्या ग्रॅनाइटचा, दुहेरी तटाचा. बाहेरचा तट बुटका, आतला उंच आणि भोवती खरोखरीचा, पाण्याने भरलेला रुंद खंदक. विजयनगरच्या नायकांनी सोळाव्या शतकात बांधलेला. सभासदाच्या बखरीत या खंदकात दहा हजार सुसरी असल्याचं लिहिलंय. आकडा बखरीचा म्हणून सोडून द्यावा, पण खंदक बघितल्यावर बखरकाराला का सुचला ते कळतं. नरहरी रुद्र यांच्याकडे वेढा सोपवून महाराज परतले आणि सुमारे वर्षभराने, १६७८ मध्ये, किल्लेदार अब्दुल्लाखानाने कोट मराठ्यांच्या हवाली केला. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगलांनी घेईपर्यंत तो आपल्याकडे होता.

आत गेल्यावर सगळे जलकंठेश्वराच्या देवळाकडे वळतात आणि वळायलाच हवं. कल्याणमंडपाचे खांब, एकाच डोक्यात हत्ती आणि बैल दिसणारं ते शिल्प, कितीही वेळ बघा. या देवळात कंपनीने दारूगोळा ठेवला होता. शतकानुशतकं गाभारा रिकामा होता आणि १९८१ मध्ये लिंग पुन्हा बसवून पूजा सुरू झाली. तेवढ्याच कोटात एक मशीद आणि १८४६ चं सेंट जॉन्स चर्चही आहे. चर्च इतकं साधं आहे की फोटो काढावासा वाटत नाही.

देऊळ आटोपून मामा भलतीकडेच चालू लागले. किल्ल्याच्या मधल्या मोकळ्या जागेकडे. जुन्या वास्तूंपैकी काहींमध्ये बरीच वर्षं पोलिसांचं प्रशिक्षण चालत आलंय, त्यामुळे मैदानाला मैदान म्हणून वापर राहिला. पाटी मात्र आम्हाला दिसली नाही. मामा एका कडेला उभे राहिले, सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि म्हणाले, "सलामी घेणारा इकडे पाठ करून उभा राहणार. उन्हाची तिरीप पलटणीच्या डोळ्यांवर. साहेब सावलीत, जवान उन्हात. दोनशे वर्षांत यात काही बदल नाही."

आता कवायत म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्या काळची बंदूक गुळगुळीत नळीची, तोंडाकडून ठासायची. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसे. म्हणून शेकडो बंदुका एका रांगेत, खांद्याला खांदा लावून, एकाच हुकुमावर चालवायच्या. काडतूस फाडणं, दारू ओतणं, ठासणं, उचलणं, हे सगळं समोरून गोळे येत असताना हात न थरथरता व्हायचं तर ते शरीरात मुरवावं लागतं, आणि मुरवण्याची जागा म्हणजे हे मैदान. महादजी शिंद्यांनी डि बॉयन या युरोपियन सेनानीला ठेवून कवायती कंपू, म्हणजे पलटणी, उभे केले ते याच कारणासाठी. तेव्हा रांग सरळ असणं ही हौस नव्हती. पण रांग सरळ झाली की साहेबाला पुढचं सुचतं : माणसंही सारखी दिसली पाहिजेत.

नोव्हेंबर १८०५ च्या मद्रास फौजेच्या नव्या नियमांत तेच आलं. सेनापती सर जॉन क्रॅडॉक, गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंक. गणवेशात असताना कपाळावर जातीचं गंध नको, कानात बाळी नको. प्रत्येक परेडला हनुवटी गुळगुळीत केलेली हवी. मिशीचा आकारसुद्धा शक्यतो सगळ्यांचा एकच. वर नवी पगडी, तिच्यावर चामड्याचा तुरा. हिंदूला चामडं कुठल्या जनावराचं ही धास्ती, मुसलमानाला दाढीची. आणि दोघांनाही ती पगडी टोपीकरांच्या टोपीसारखी दिसली. आधी टोपी, मग बाप्तिस्मा, अशी बाजारात बोलवा उठली.

मी हे सांगत होतो तेव्हा मामा हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या पलटणीत पंडितजी असतात. जेसीओचा, म्हणजे आमच्या सुभेदारांच्या वर्गातला हुद्दा असतो त्यांना. शिखांच्या पलटणीत ग्रंथी, मुसलमान जवान असतील तिथे मौलवी. आम्ही भरती झालो तेव्हा वाटायचं, लढाईत याचं काय काम? हे काही कुणाला दयेपोटी सुचलेलं नाही. कुठेतरी हात पोळल्याशिवाय फौज काही शिकत नसते."

हात पोळले ते याच जागी. आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की बंडाला वेळ आणि जागा परेडनेच दिली. वेल्लोरच्या कोटात तेव्हा इंग्रजांच्या ६९ व्या पायदळ रेजिमेंटच्या चार कंपन्या आणि मद्रासी शिपायांच्या तीन पलटणी होत्या. बायकामुलं असलेले शिपाई एरवी तटाबाहेर आपापल्या झोपड्यांत राहत. पण १० जुलैला मोठी कवायत ठरली होती, उजाडायच्या आत मैदानावर उभं राहायचं होतं, म्हणून बहुतेकांना आदल्या रात्री कोटातच झोपायला सांगितलं. म्हणजे तीन पलटणींची माणसं, बंदुकांसह, एका रात्रीपुरती एकत्र, इंग्रजांच्या बराकींपासून हाकेच्या अंतरावर. आणि कोटातल्याच महालांत टिपूचं कुटुंब : श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ पासून इथेच नजरकैदेत. मद्रासच्या त्या शिल्पातली ओलीस मुलं आता जाणती होऊन याच तटांच्या आत राहत होती. आदल्या दिवशी त्यांच्या घरात लग्न होतं, त्यामुळे कोटात वर्दळही होती.

कुणाला कुणकुण नव्हती असंही नाही. मुस्तफा बेग नावाच्या शिपायाने जूनमध्येच आपल्या अधिकाऱ्याला कटाची खबर दिली होती. त्याला वेडा ठरवून बेड्या ठोकल्या. नंतर बक्षीस दिलं, ते वेगळं.

मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. बराकींत झोपलेले ६९ व्या रेजिमेंटचे गोरे सोजीर बहुतेक झोपेतच मारले गेले. १४ अधिकारी आणि ११५ गोरे सोजीर, त्यात किल्लेदार कर्नल फॅनकोर्टही. उजाडेपर्यंत म्हैसूरचं निशाण तटावर चढलं. टिपूचा मुलगा फत्ते हैदर याच्या नावाने द्वाही फिरवायची तयारी. आणि मग, जिथे पुढचा हुकूम यायला हवा तिथे, हुकूम नव्हता. काही जण लुटीला लागले, काही बाहेर आपल्या बिऱ्हाडाकडे गेले. दरवाजाजवळच्या तटावर साठेक गोरे सोजीर दोन डॉक्टरांसह चिकटून राहिले होते, त्यांच्याकडे दारूगोळा उरला नव्हता, तरी त्यांना तिथून कोणी उपटलं नाही.

इथे मामांचा पारा चढला. आम्ही तेव्हा दरवाजाच्या आतल्या बाजूला सावलीत बसलो होतो. "सगळा किल्ला घेतला आणि दरवाजाच्या डोक्यावर शत्रू ठेवला! रिक्रूटसुद्धा असं करणार नाही. बंदूक चालवायला शिकवलं यांना, पण फौज चालवायला शिकवलंच नव्हतं कुणी." त्यांना मी म्हटलं, मामा, सुभेदाराच्या वर काळ्या माणसाला जागाच नव्हती. त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. सुभेदार म्हणूनच निवृत्त झालेत ना.

बाहेर असलेल्या एका इंग्रज मेजरने आर्काटला खबर पोचवली होती. गिलेस्पी विसेक स्वारांनिशी पुढे आला, दरवाजा बंद बघून वरच्यांनी सोडलेल्या दोराला आणि एका सार्जंटच्या कमरपट्ट्याला धरून तटावर चढला आणि संगिनींचा हल्ला चढवून वेळ काढला. मागून तोफा आल्या, दरवाजे फोडले गेले आणि घोडदळ आत घुसलं. घोडदळाला धावायला मोकळी जागा लागते. ती इथे आयती तयार होती, सपाट केलेली, रोज झाडून काढलेली. रांग मोडलेलं पायदळ अशा जागी घोडेस्वारासमोर टिकत नाही, हे शिपायांना याच मैदानावर शिकवलं गेलं असणार. साडेतीनशेच्या आसपास शिपाई मारले गेले. शंभरेक जण महालात लपले होते, त्यांना बाहेर ओढून भिंतीशी उभं केलं आणि गोळ्या घातल्या. चौकशीनंतर सहा जणांना तोफेच्या तोंडी दिलं, पाच जणांना गोळ्या घालून मारलं, आठांना फाशी, पाचांना काळं पाणी. आणि पगडीचा हुकूम रद्द झाला!

क्रॅडॉक आणि बेंटिंक दोघांनाही लंडनने परत बोलावलं. बेंटिंक १८२८ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन परत आला, सतीबंदीच्या धड्यात आपण शिकतो तो हाच. टिपूच्या कुटुंबाची रवानगी कलकत्त्याला झाली. तिकडे त्यांच्या नावाचे रस्ते आणि मशिदी आहेत आणि तिकडची माणसं उपचारांसाठी वेल्लोरला येतात. गिलेस्पी १८१४ मध्ये डेहराडूनजवळ गुरख्यांच्या नालापाणीच्या गढीपुढे पडला. तिथेही सगळ्यांच्या पुढे धावत गेला होता.

दुपारी संग्रहालय उरकलं. संध्याकाळी किल्ल्याबाहेरच्या युरोपियन दफनभूमीत १८०६ च्या मृतांचं बुटकं थडगं पाहिलं. ६९ व्या रेजिमेंटचा उल्लेख आहे. शिपायांसाठी गावात मक्कान चौकात स्मृतिस्तंभ आहे आणि २००६ मध्ये, दोनशे वर्षं झाली तेव्हा, टपाल खात्याने तिकीट काढलं.

रविवार, टेकड्या

अखेर साजरा-गोजरा. गावाच्या पूर्वेच्या टेकड्या, झुडपं, तापलेले धोंडे. तिकडचे जुने इंग्रज लोक त्यांना सज्जाराव, गज्जाराव करून बसलेत. वरचे अवशेष थोडे आहेत, पण चढून गेल्यावर वेढा समजतो. खाली कोट पूर्ण उघडा दिसतो : खंदक, देवळाचं गोपुर, चर्च, मैदान. इथे तोफ चढवली की खालच्या दुहेरी तटाचा आणि दहा हजार सुसरींचा काही उपयोग नाही. हैदर अलीनेही १७८०-८१ च्या वेढ्यात या टेकड्यांसाठीच जिवाचं रान केलं. १८०६ च्या शिपायांना टेकड्यांची गरजच पडली नाही, ते आतच होते. उतरताना मामांचे गुडघे बोलू लागले, म्हणून पालारच्या काठचा मुथुमंडपम धावतच पाहिला. कँडीचा शेवटचा राजा विक्रम राजसिंह याला इंग्रजांनी वेल्लोरलाच कैदेत ठेवलं होतं. तो १८३२ मध्ये इथेच वारला.

रात्री काटपाडी जंक्शनवर गाडीची वाट बघताना मामांनी विचारलं, "त्या तीन पलटणींचं पुढे काय झालं? मेले ते मेले, उरलेल्यांचं?" पलटणी मोडल्या, एवढं उत्तर मी दिलं असतं, पण त्यातल्या मद्रासी शिपायांच्या पहिल्या रेजिमेंटची गोष्ट त्यापुढे जाते. तिचा आकडा यादीतून काढून टाकला आणि १८०७ मध्ये तिच्या पहिल्या पलटणीला २४ वा आकडा चिकटवला. फौजेत पहिला आकडा जाणं म्हणजे काय ते मामांना समजावून सांगावं लागलं नाही. तो आकडा या पलटणीने परत मिळवला १८१८ मध्ये, आणि तो मिळवला नागपुरात. २६-२७ नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीची टेकडी. वरून इंग्रज रेसिडेंटच्या बाजूने लढत होते हेच मद्रासी शिपाई आणि खालून चढत होती अप्पासाहेब भोसल्यांची फौज. त्या लढाईचं बक्षीस म्हणून पलटणीने पैसा मागितला नाही, जुना आकडा मागितला.

मामा प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर सरसावून बसले. "म्हणजे वेल्लोरला घालवलं ते आपल्या भोसल्यांच्या जिवावर परत घेतलं?"

"तसंच."

"सीताबर्डीचा किल्ला फौजेच्या ताब्यात आहे. वर्षातून मोजक्या दिवशी लोकांना सोडतात," ते म्हणाले. "सव्वीस जानेवारीला सोडतात. तिकिटं आत्ताच काढून ठेव, नंतर मिळत नाहीत."